सुरक्षादोष-निवारण, साहाय्यक आज्ञावल्यांतील

संगणकाच्या परिचालन प्रणालीबरोबर पुरविल्या जाणाऱ्या साहाय्यक आज्ञावल्यांत काही चुका अशा राहून जातात, की त्यांचा फायदा घेऊन एखादी व्यक्ती आपल्याला न दिलेले अधिकार मिळवू शकते. अशा चुकांना सुरक्षादोष म्हणतात. ते शोधणे, त्यांचे कारण निश्चित करणे, ते दूर करणे आणि दुरुस्त केलेली आज्ञावली वापरात असलेल्या सर्व संगणकांवर पोहोचविणे, या संपूर्ण प्रक्रियेस सुरक्षादोष-निवारण ही संज्ञा आहे. संहितेतील चुकीची ओळ सुधारणे हा या प्रक्रियेचा केवळ एक, आणि बहुधा सर्वांत सोपा, टप्पा होय.

परिचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम ही स्थूलमानाने दोन थरांची असते. आतील थरास गाभा किंवा कर्नल म्हणतात. स्मृतीचे वाटप, प्रक्रियकाचा वेळ वाटून देणे, फाइलींचे रक्षण व उपकरणांचे नियंत्रण ही कामे गाभा करतो. त्याभोवती साहाय्यक आज्ञावल्यांचा थर असतो. फाइलींच्या प्रती काढणे, मजकूर संकोचित करून साठविणे, परवलीचा शब्द बदलणे, दुसऱ्या संगणकाशी संपर्क होतो की नाही हे पाहणे, वापरकर्त्याने टंकलेल्या आज्ञांचा अर्थ लावणे इ. कामे या आज्ञावल्या करतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये केनेथ टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स या प्रणालीत एका कामासाठी एक लहान आज्ञावली ही पद्धत रूढ झाली. लिनक्स, बीएसडी कुळातील प्रणाल्या व मॅकओएस यांनी ती पुढे चालविली. इंटरनेटवर सेवा पुरविणारे बहुसंख्य संगणक याच कुळातील प्रणालींवर चालतात. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे त्यामुळे या कुळातून घेतली आहेत. त्यांतून निघणारी तत्त्वे मात्र विंडोजसह सर्वच प्रणालींना लागू पडतात.

साहाय्यक आज्ञावल्या आकाराने लहान, कामाने साध्या आणि वर्षानुवर्षे वापरातील असल्याने त्या निर्धोक समजल्या जातात. अनुभव याच्या उलट आहे. त्यांपैकी काही आज्ञावल्या प्रशासकाच्या अधिकाराने चालतात, तर काही आज्ञावल्यांना अनोळखी व्यक्तींनी पाठविलेली माहिती हाताळावी लागते. त्यांतील एकाच चुकीमुळे त्या संगणकावरील सर्व नोंदी, मग त्या बँकेतील खात्यांच्या असोत वा रुग्णालयातील रोग्यांच्या, परक्या हाती जाऊ शकतात.

विशेषाधिकाराची उसनवारी : युनिक्स कुळातील प्रणालीत प्रत्येक फाइलीस मालक असतो आणि ठरवून दिलेल्या मर्यादेतच इतरांना ती वाचता किंवा बदलता येते. रूट या प्रशासकीय खात्यास मात्र सामान्यतः या मर्यादा लागू नसतात. सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे ज्या फाइलीत असतात, ती फक्त रूटलाच बदलता येते. तरीही सामान्य वापरकर्त्यास स्वतःचा परवलीचा शब्द बदलता आला पाहिजे. ही अडचण सोडविण्यासाठी रिची यांनी सेटयूआयडी या नावाची योजना काढली. तीनुसार आज्ञावलीच्या फाइलीवर एक विशिष्ट खूण केलेली असल्यास ती कोणीही चालविली, तरी चालू असेपर्यंत तिला त्या फाइलीच्या मालकाचे अधिकार मिळतात. या योजनेच्या एकस्वासाठी १९७३ मध्ये अर्ज करण्यात आला व १९७९ मध्ये अमेरिकन एकस्व मिळाले. पुढे ते सार्वजनिक वापरास खुले करण्यात आले.

ही योजना बँकेतील रोखपालाच्या कामासारखी आहे. खातेदारास तिजोरीची किल्ली दिली जात नाही. त्याच्या वतीने रोखपाल तिजोरी उघडतो आणि नियमात बसेल तेवढीच रक्कम बाहेर काढतो. येथे सर्व भिस्त रोखपालाच्या सावधपणावर असते. त्याला चकविता आले, तर तिजोरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. सेटयूआयडीची खूण असलेली प्रत्येक आज्ञावली हा असा एक रोखपाल असून तिच्यापुढे येणारा वापरकर्ता मात्र प्रामाणिक असेलच असे नाही.

दोषांचे प्रकार : आतापर्यंत आढळलेले बहुतेक महत्त्वाचे दोष पुढील चार प्रकारांत बसविता येतात.

(१) स्मृतिखंडाचे अतिलंघन : आज्ञावली बाहेरून येणारी माहिती ठेवण्यासाठी स्मृतीचा काही भाग राखून ठेवते. आलेली माहिती त्याहून मोठी असेल व तिची लांबी तपासली गेली नसेल, तर ती शेजारच्या भागावर लिहिली जाते. शेजारी आज्ञावलीच्या पुढील वाटचालीचे पत्ते असल्यास ते बदलून तिला हवे ते काम करावयास लावता येते. सी या भाषेत अशी तपासणी आपोआप होत नसल्याने तीत लिहिलेल्या आज्ञावल्यांत हा दोष विशेष आढळतो.

(२) कालस्पर्धा : आज्ञावली एखादी गोष्ट तपासते व क्षणभराने तिच्यावर कृती करते. या दोहोंमधील अल्पावधीत हल्लेखोराने ती गोष्टच बदलली, तर तपासणी एका फाइलीची आणि कृती दुसऱ्याच फाइलीवर असे घडते. कोणीही लिहू शकेल अशा तात्पुरत्या निर्देशिकेत अंदाज करता येण्याजोग्या नावाची फाइल तयार करणाऱ्या आज्ञावल्यांत हा दोष वारंवार आढळला आहे.

(३) माहितीस आज्ञा समजणे : केवळ साठविण्यासाठी वा पुढे पाठविण्यासाठी आलेल्या मजकुराचा काही भाग आज्ञा म्हणून अमलात आणला जातो. येथे स्मृतीचे अतिलंघन होत नाही. आज्ञावली आपल्या रचनेप्रमाणेच वागते, परंतु ती रचनाच सदोष असते.

(४) परिसराविषयीची चुकीची गृहीतके : आज्ञावलीस किमान एक शब्द तरी दिला जाईल, अमुक निर्देशिका विश्वासार्ह असेल इ. गोष्टी कर्त्याने गृहीत धरलेल्या असतात. हल्लेखोर नेमके तेच गृहीत मोडतो.

एकाच दोषात यांपैकी दोन प्रकार एकत्र आल्याचीही उदाहरणे आहेत.

१९८८ ची कृमी : या दोषांचे व्यापक परिणाम प्रथम २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसून आले. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती स्वतःच पसरविणारी आज्ञावली त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणकांत शिरली. अशा आज्ञावलीस कृमी म्हणतात. तिचा एक मार्ग फिंगर या साहाय्यक आज्ञावलीच्या सेवेतून जात होता. दूरच्या संगणकावर कोण काम करीत आहे, एवढेच सांगण्याचे काम ही सेवा करी. आलेली ओळ घेण्यासाठी तीत ५१२ बाइटांची जागा राखलेली होती व ओळ वाचण्यासाठी लांबी न तपासणारे गेट्स हे फंक्शन वापरलेले होते. कृमीने ५३६ बाइटांची ओळ पाठवून व्हॅक्स संगणकांवर ताबा मिळविला. दुसरा मार्ग टपाल पोहोचविणाऱ्या सेंडमेल या आज्ञावलीतील चाचणीसाठी ठेवलेल्या व नंतर बंद न केलेल्या सोयीचा होता. तिसरा मार्ग एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संगणकांमधील संबंधांचा व सहज ओळखता येणाऱ्या परवलीच्या शब्दांचा होता.

फिंगरची दुरुस्ती अत्यंत लहान होती. गेट्सऐवजी लांबीची मर्यादा घेणारे एफगेट्स हे फंक्शन वापरणे पुरेसे ठरले. परंतु गेट्स हे फंक्शन भाषेतच राहिले आणि इतर असंख्य आज्ञावल्यांत ते वापरले जात राहिले. सी भाषेच्या आंतरराष्ट्रीय मानकातून ते २०११ च्या आवृत्तीत वगळण्यात आले. एका आज्ञावलीतील दोष दूर होण्यास काही तास आणि त्या दोषाचे मूळ भाषेच्या मानकातून दूर होण्यास तेवीस वर्षे, असे हे अंतर आहे. या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये अशा प्रसंगी समन्वय साधणारे सर्ट हे केंद्र स्थापन झाले.

दोषांचा शोध : दोष शोधण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. संहितेचे वाचन हा त्यांतील पहिला. ओपनबीएसडी या प्रणालीच्या कर्त्यांनी १९९६ पासून आपल्या संपूर्ण संहितेचे ओळीने परीक्षण सुरू केले. एके ठिकाणी चूक आढळली, की तशीच चूक इतरत्र सर्व ठिकाणी शोधावयाची, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. दुसरा मार्ग संहितेचे विश्लेषण करणाऱ्या आज्ञावल्यांचा असून त्या लांबीची तपासणी न केलेली ठिकाणे इ. गोष्टी दाखवून देतात.

तिसरा मार्ग यादृच्छिक माहिती पुरवून आज्ञावलीची परीक्षा घेण्याचा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बार्टन मिलर हे १९८८ मध्ये वादळी पावसात दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाशी जोडलेले असताना तारेतील गोंगाटामुळे निरर्थक अक्षरे जाऊन नेहमीच्या आज्ञावल्या कोलमडत असल्याचे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी युनिक्सच्या अनेक आवृत्त्यांतील साहाय्यक आज्ञावल्यांना मुद्दाम निरर्थक अक्षरमाला पुरवून पाहिल्या. सु. एक चतुर्थांश ते एक तृतीयांश आज्ञावल्या कोलमडल्या किंवा अडकून पडल्या. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. चुकांची यादी व दुरुस्तीच्या सूचना उत्पादकांना उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या. तरीही १९९५ मध्ये हेच परीक्षण पुन्हा केले, तेव्हा पूर्वी कळविलेल्या चुकांपैकी सु. ४०% चुका जशाच्या तशा शिल्लक होत्या. दोष सापडणे व दोष दूर होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. फझिंग या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आज परीक्षणाचे एक प्रमुख साधन बनली आहे.

दुरुस्तीचे टप्पे : दोष कळविला गेल्यानंतर प्रथम तो नियंत्रित परिस्थितीत पुन्हा घडवून आणला जातो. त्यानंतर तो कोणत्या आवृत्तीपासून आहे, कोणास वापरता येतो व त्यापासून कोणते अधिकार मिळतात, हे ठरविले जाते. मग दुरुस्ती लिहिली जाते. तीस रूढ भाषेत पॅच म्हणजे ठिगळ म्हणतात. छिद्रित कागदी फितीवर आज्ञावल्या नोंदविल्या जात, त्या काळात चुकीच्या छिद्रांवर खरोखरच कागदाचे ठिगळ चिकटवीत, त्यावरून हा शब्द आला. दुरुस्ती दुसऱ्या जाणकाराकडून तपासली जाते. शेवटी तोच दोष पुढे नकळत परत येऊ नये म्हणून त्याची कायमची चाचणी संहितेबरोबर ठेवली जाते.

चांगली दुरुस्ती कशी असते, याचे उदाहरण सुडो या आज्ञावलीत मिळते. निवडक वापरकर्त्यांना ठरावीक कामांपुरते प्रशासकीय अधिकार देण्याचे काम ती करते. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी तीतील एक दोष २६ जानेवारी २०२१ रोजी जाहीर केला. सुडो काही प्रसंगी विशेष चिन्हांपूर्वी तिरपी रेघ घालते व पुढच्या टप्प्यात त्या रेघा काढून टाकते. फाइल संपादनाच्या एका प्रकारात रेघ घालण्याचा टप्पा वगळला जाई, परंतु काढण्याचा टप्पा मात्र चालू राही. अशा वेळी दिलेल्या शब्दाचे शेवटचे अक्षरच तिरपी रेघ असेल, तर आज्ञावली शब्दसमाप्तीची खूण ओलांडून पुढचीही स्मृती राखीव जागेत उतरवीत जाई. हा दोष जुलै २०११ मधील एका बदलाने शिरला होता. सुडो वापरण्याची परवानगी नसलेल्या वापरकर्त्यासही त्याच्या साहाय्याने रूटचे अधिकार मिळविता येत. १.९.५ पी-२ या आवृत्तीतील दुरुस्तीत दोन गोष्टी करण्यात आल्या. संपादनाच्या त्या प्रकारात असंबद्ध पर्याय स्वीकारणे बंद केले आणि रेघा काढणाऱ्या भागातही शब्द संपला की नाही, याची तपासणी घातली. दोहोंपैकी एकीने तो विशिष्ट हल्ला थांबला असता. दोन्ही केल्यामुळे पुढे दुसऱ्या वाटेने त्या भागापर्यंत पोहोचणाऱ्यासही अटकाव झाला.

अपुरी दुरुस्ती : बॅश ही आज्ञांचा अर्थ लावणारी आज्ञावली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिली व ती १९८९ मध्ये प्रसृत झाली. एका बॅशमधून दुसऱ्या बॅशकडे फंक्शनची व्याख्या पाठविता यावी, म्हणून परिसर-चलांचा उपयोग करण्याची सोय तीत होती. परिसर-चले म्हणजे एका आज्ञावलीने दुसरीस वारशाने दिलेली नावे व त्यांची मूल्ये. मूल्याची सुरुवात ठरावीक चिन्हांनी झाली, की बॅश त्यास व्याख्या समजे. परंतु व्याख्या संपल्यानंतर पुढे लिहिलेल्या आज्ञाही ती अमलात आणी. पुढे संकेतस्थळे चालविणारे संगणक अनोळखी व्यक्तीकडून आलेली माहिती परिसर-चलांत घालून बॅशला देऊ लागले आणि ही जुनी सोय जगभरातील संगणकांचे उघडे दार ठरली. स्टेफान शाझलास यांनी हा दोष १२ सप्टेंबर २०१४ रोजी ओळखला. २४ सप्टेंबर रोजी तो दुरुस्तीसह जाहीर झाला व शेलशॉक या नावाने ओळखला जाऊ लागला.

ही पहिली दुरुस्ती व्याख्येनंतरच्या आज्ञा न पाळण्यापुरती होती. ती अपुरी असल्याचे टॅव्हिस ऑरमांडी यांनी लगेच दाखवून दिले. त्यानंतर त्याच भागात आणखी चुका सापडत गेल्या. व्याख्येचा अर्थ लावणारी संहिता विश्वासू माहितीसाठी लिहिलेली असल्याने तीतील एकेक चूक बुजवून काम भागण्यासारखे नव्हते. फ्लोरियन वायमर यांनी सुचविलेला उपाय वेगळ्या स्वरूपाचा होता. त्यानुसार बॅश स्वतः पाठवील त्या व्याख्येच्या नावास ठरावीक उपसर्ग व प्रत्यय लावते व तशा नावाच्या चलाखेरीज इतर कोणत्याही चलात व्याख्या शोधत नाही. यामुळे बाहेरून आलेला मजकूर अर्थ लावणाऱ्या संहितेपर्यंत पोहोचणेच थांबले. तीत राहिलेल्या व पुढे सापडलेल्या चुकाही त्यामुळे दुरून वापरता येईनाशा झाल्या. चूक सुधारण्यापेक्षा चुकीपर्यंतची वाट बंद करणे अधिक परिणामकारक ठरते, असा या घटनेचा निष्कर्ष आहे.

मूळ कारणाचे निवारण : हे तत्त्व त्यापूर्वीही अनेकदा उपयोगी पडलेले होते. जुन्या युनिक्समध्ये नवी निर्देशिका तयार करणारी आज्ञावली रूटच्या अधिकाराने चाले. ती प्रथम निर्देशिका तयार करी व मग तिची मालकी वापरकर्त्याच्या नावे करी. या दोन कृतींच्या मधल्या क्षणी निर्देशिकेच्या जागी परवलीच्या शब्दांच्या फाइलीचा दुवा ठेवता आला, तर त्या फाइलीचीच मालकी हल्लेखोरास मिळे. आज्ञावलीत कितीही तपासण्या घातल्या, तरी मधला क्षण उरतच असे. ४.२ बीएसडी या १९८३ च्या प्रणालीत ही दोन्ही कामे एकसंधपणे करणारी सोय गाभ्यातच देण्यात आली. त्यामुळे मधला क्षण नाहीसा झाला आणि आज्ञावलीस रूटच्या अधिकाराची गरजही उरली नाही.

अधिकार कमी करणे हा मूलगामी उपायांतील सर्वांत महत्त्वाचा उपाय होय. संपर्क तपासणारी पिंग ही आज्ञावली दीर्घकाळ रूटच्या अधिकाराने चाले. लिनक्समध्ये रूटचे अधिकार अनेक भागांत विभागून तिला आवश्यक तेवढाच भाग देणे शक्य झाले व २०११ मध्ये गाभ्यातच तेवढ्या कामापुरती स्वतंत्र सोय करण्यात आली. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या ओपनएसएसएच या आज्ञावलीचे २००२ मध्ये दोन भाग करण्यात आले. अनोळखी माहिती हाताळणाऱ्या मोठ्या भागास जवळजवळ कोणतेच अधिकार ठेवले नाहीत, तर अधिकार असलेला भाग शक्य तेवढा लहान ठेवण्यात आला. ओपनबीएसडीच्या २०१६ मधील ५.९ या आवृत्तीपासून आज्ञावली आपणास पुढे कोणत्या सेवा लागतील, हे सुरुवातीसच घोषित करू शकते; तिने त्याबाहेर पाऊल टाकल्यास गाभा तिला तत्काळ बंद करतो.

पीकेएक्झेक या आज्ञावलीतील दोषाचे निवारण अशाच दोन पातळ्यांवर झाले. आज्ञावली सुरू करताना तिला शब्दांची यादी दिली जाते व यादीतील पहिला शब्द तिचे स्वतःचे नाव असते. यादी पूर्णपणे रिकामी असू शकते, हे पीकेएक्झेकने विचारात घेतले नव्हते. तशी यादी दिल्यास ती यादीबाहेरील स्मृतीत वाचन व लेखन करी आणि त्यातून रूटचे अधिकार मिळविता येत. २००९ मधील पहिल्या आवृत्तीपासून असलेला हा दोष २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर झाला. यादी रिकामी असल्यास काम थांबविण्याची तपासणी आज्ञावलीत घालण्यात आली. दुरुस्त आवृत्ती मिळेपर्यंत फाइलीवरील सेटयूआयडीची खूण काढून ठेवण्याचा तात्पुरता उपायही सुचविला गेला. त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातच असा बदल झाला, की कोणत्याही आज्ञावलीस पूर्णपणे रिकामी यादी मिळू नये. त्यामुळे हेच गृहीत धरणाऱ्या इतर आज्ञावल्यांचेही रक्षण झाले.

स्मृतीसंबंधीच्या दोषांवरील मूलगामी उपाय म्हणून रस्टसारख्या भाषांकडे पाहिले जाते. या भाषेत मर्यादेबाहेरील लेखन सामान्यतः होऊच दिले जात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसृत झालेल्या उबुंटू २५.१० या लिनक्स प्रणालीत रस्टमध्ये नव्याने लिहिलेली सुडो अंतर्भूत करण्यात आली. तथापि भाषा बदलल्याने सर्व दोष टळत नाहीत. शेलशॉकचा दोष आज्ञावलीच्या रचनेत होता व तो कोणत्याही भाषेत तसाच राहिला असता. शिवाय वर्षानुवर्षे चाचणी झालेली संहिता टाकून नवी लिहिताना नव्या चुका शिरण्याचा संभव असतोच.

दुरुस्तीचे वितरण : दोष जाहीर होताच दोन बाजूंची शर्यत सुरू होते. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची संहिता ताडून पाहिली, तर दोष नेमका कोठे होता, हे हल्लेखोरास कळते. त्यामुळे दुरुस्ती जाहीर झाल्यानंतर ती न बसविलेल्या संगणकाचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. यासाठी दोष प्रथम आज्ञावलीच्या कर्त्यांना व प्रणालींच्या प्रमुख वितरकांना खाजगी रीतीने कळवावा, दुरुस्ती तयार करण्यास ठरावीक मुदत द्यावी व मग एकाच दिवशी सर्वांनी तो दुरुस्तीसह जाहीर करावा, अशी पद्धत रूढ झाली आहे. एकाच दोषास वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी नावे पडून घोटाळा होऊ नये म्हणून १९९९ पासून प्रत्येक दोषास सीव्हीई क्रमांक दिला जातो. उदा., सुडोतील वरील दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३१५६ असा आहे.

अनेक संस्था स्थैर्यासाठी जुन्या आवृत्त्याच वापरतात. त्यांच्यासाठी वितरक नवी आवृत्ती न देता केवळ दुरुस्तीचा भाग जुन्या संहितेत बसवून देतात. अशा वेळी आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला, तरी दोष दूर झालेला असू शकतो. म्हणून केवळ क्रमांकावरून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

वितरित झालेली आज्ञावली मार्गात कोणी बदललेली नाही, याची खात्री अंकीय स्वाक्षरीने केली जाते. परंतु ती मुळातच दूषित असेल, तर स्वाक्षरीचा उपयोग होत नाही. मजकूर संकोचित करणाऱ्या एक्सझेड या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, देखभालीत दीर्घकाळ सहभागी होऊन विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावधारी व्यक्तीने गुप्त प्रवेशमार्ग घातला होता. दूरच्या संगणकावर प्रवेश करण्यास सु. अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या लक्षणावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्याचा माग काढला व २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर केला. अनेक प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत ही आज्ञावली पोहोचण्यापूर्वीच ती मागे घेण्यात आली. असंख्य संगणकांवर चालणाऱ्या अशा आज्ञावल्यांची देखभाल कित्येकदा एकदोन व्यक्ती फावल्या वेळात व विनामोबदला करीत असतात, या वस्तुस्थितीकडे या घटनेने लक्ष वेधले.

भारतातील व्यवस्था : भारतात सर्ट-इन या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी शासकीय संस्था जानेवारी २००४ पासून कार्य करीत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील २००८ च्या दुरुस्तीने तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. नव्याने आढळलेल्या दोषांची तीव्रता, त्यांमुळे बाधित होणाऱ्या आवृत्त्या व उपाय यांविषयीच्या सूचना ती प्रसिद्ध करते. एप्रिल २०२२ मधील तिच्या निदेशांनुसार ठरावीक प्रकारच्या सुरक्षा-घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळविणे बंधनकारक आहे. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली व मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही लिनक्स प्रणाली डेबियन या प्रणालीवर आधारलेली आहे. अशा आधारित प्रणालींच्या बाबतीत मूळ कर्त्यापासून अंतिम वापरकर्त्यापर्यंत दुरुस्तीस अनेक हातांतून जावे लागते व साखळीतील प्रत्येक दुव्याच्या तत्परतेवर वापरकर्त्याची सुरक्षितता अवलंबून राहते.

मर्यादा : चाचण्यांनी दोष असल्याचे सिद्ध करता येते, परंतु दोष नसल्याचे सिद्ध करता येत नाही. वरील उदाहरणांपैकी सुडोतील दोष नऊ वर्षांहून अधिक काळ, पीकेएक्झेकमधील बारा वर्षे व बॅशमधील सु. पंचवीस वर्षे टिकून होता. या सर्व काळात त्यांची संहिता कोणासही वाचण्यास खुली होती. संहिता खुली असणे उपयुक्त असले, तरी ती प्रत्यक्षात कोणी काळजीपूर्वक वाचली पाहिजे. म्हणून प्रत्येक आज्ञावलीत अज्ञात दोष आहे असे गृहीत धरूनच तिला कमीत कमी अधिकार देणे, अनावश्यक आज्ञावल्या काढून टाकणे, दुरुस्त्या विनाविलंब बसविणे आणि नोंदींच्या प्रती स्वतंत्र ठिकाणी जतन करणे, हे संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्यांचे नित्याचे काम ठरते.